ऐकण्याची मजुरी

आमच्या भागात ट्रॅक्टर दिसण्याआधी ऐकू येतो. भालकीच्या आसपासची काळी रानं मांजरा आणि कारंजा या दोन नद्यांकडे हळूहळू उतरत जातात, आणि त्या लांब उतारांवरून आवाज दूरवर पोचतो. मृगाचा चांगला पाऊस पडून गेला, मधे ऊन पडलं, मातीला वाफसा आला, की पहाटेपासून शिवार इंजिनांच्या आवाजानं भरून जातं. बांधावर बसलेला एखादा म्हातारा मान वर न करता सांगतो, हा मॅसी, तो महिंद्रा, वस्तीपलीकडचा तो एचएमटी. मग थोडं थांबून म्हणतो, "त्याची एक नोजल टपकूलालीय."

मला या वाक्याचं लहानपणापासून नवल वाटत आलं आहे. नोजल इंजिनच्या डोक्यात बसवलेली असते. ती टपकते की फवारते हे उघडल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही. म्हाताऱ्यानं ती अर्ध्या कोसावरून कानांनी पाहिली. असं ऐकणारी माणसं बीदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात अजून आहेत. त्यांच्याकडे काय आहे, आणि त्याचं मोल आपण कसं करतो, हा विचार बरीच वर्षं माझ्या मनात आहे.

वाफसा म्हणजे काय, हे काळ्या मातीत राबलेल्याला सांगावं लागत नाही. ही माती ओली असताना चाकांना लपेटते, सुकली की दगड होते. मधल्या काही दिवसांत ती फणाला वाट देते. तूर, सोयाबीन, उडीद, मूग हे सगळं तेवढ्या अवधीत जमिनीत गेलं पाहिजे. कलबुर्गीच्या तुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या डाळीची चव चुनखडीच्या या काळ्या रानांची आहे आणि त्या रानांचं सारं गणित वाफशाचं आहे. या दिवसांत ट्रॅक्टर तास काढताना बंद पडला, की अख्ख्या घराचा आवाज बसतो. बैल असते तर शेजाऱ्याची जोडी मागितली असती. आता गावात जोड्या मोजक्या उरल्या आहेत, आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर त्याच्याच रानात असतो.

या मुलखानं सरहद्दी बदलताना पाहिल्या. 1956पर्यंत हे सगळं जुन्या हैदराबाद राज्यातलं होतं. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद हे म्हैसूर राज्यात आले. सोयरीक मात्र तशीच राहिली, बाजारही तसेच राहिले. पुढच्या वीस वर्षांत यंत्रं आली, ती सगळीकडून आली. 1959 साली फरीदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला. महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी हातमिळवणी करून 1963मध्ये कंपनी काढली आणि मुंबईच्या कांदिवलीत बी-275 बनू लागला. मद्रासहून मॅसी फर्ग्युसन आले. 1971पासून पिंजोरच्या एचएमटी कारखान्यात चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या घडणीचे ट्रॅक्टर निघाले. 1974 साली मोहालीहून स्वराज आला. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या प्रयोगशाळेत आपल्याच इंजिनिअरांनी केलेला होता. यांतले कितीतरी ट्रॅक्टर अजून आमच्या रानांत चालतात. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय सरकारनं 2016मध्ये घेतला, पण त्याची यंत्रं ऊस ओढतात, पाळी घालतात, वेळा अमावस्येला आंबिलीचे हंडे आणि सगळं गणगोत घेऊन शेतावर जातात.

हे टिकलं कशामुळे? लोखंड चांगलं होतं हे खरं. पण नुसत्या लोखंडानं पन्नास वर्षं निघत नाहीत. ती निघाली गावोगावच्या उस्तादांमुळे.

आमच्याकडे मिस्त्रीला उस्ताद म्हणतात. त्याचं गॅरेज बहुतेक रस्त्याकडेला लिंबाखाली असतं. जमीन ऑइल पिऊन काळी झालेली, भिंतीला पान्यांची रांग, कोपऱ्यात जुन्या गास्केटांचा ढीग. तिथं तीन भाषा एकाच वाक्यात नांदतात. शेतकरी मराठीत गाऱ्हाणं सांगतो, पोऱ्याला कन्नडात हाक जाते, आणि उस्ताद स्वतःशी दखनीत विचार करतो. शब्द कुठलाही असो, पंप, लाइनर, टॅपेट, बेअरिंग सगळ्यांचंच असतं.

चांगला उस्ताद आधी हत्यार उचलत नाही. तो विचारतो. कधीपासून? रिकामी असताना त्रास देते, का औत टाकल्यावर? गरम झाल्यावर, का सकाळी सकाळी? बंद पडते ती एकदम, का दबत दबत? धूर कसला? ऑइल किती दिवसांनी घालावं लागतं? हे प्रश्न ऐकताना उतावळ्या माणसाला वाटतं, हा वेळ काढतोय. पण एकेक उत्तर इंजिनाच्या एकेका भागावरचा संशय दूर करत असतं. बाहेरून गप्पा दिसतात. उस्तादाच्या मनात त्या वेळी सगळं इंजिन सुटं होऊन पुन्हा जुळत असतं.

धुराचंही तसंच. काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसं आहे, हवा कमी पडते. म्हणून आधी एअर क्लीनरची वाटी काढून पाहायची. आमच्या धुळीत त्यातलं ऑइल मळणीच्या दिवसांत बघता बघता चिखल होतं. तिथं सगळं स्वच्छ असेल तरच नोजल आणि पंपाकडे वळायचं. निळसर धूर म्हणजे इंजिन स्वतःचं ऑइल जाळतंय. रिंगा झिजल्या, नाहीतर व्हॉल्व्हचे गाईड सैल झाले. पांढरा धूर दोन जातींचा. डोळ्यांना झोंबला तर ते न जळलेलं डिझेल. झोंबला नाही, ओलसर लागला आणि रेडिएटरमधलं पाणी रोज कमी होत असलं, तर पाणी सिलेंडरमध्ये उतरतंय. मग रेडिएटर थंड असताना झाकण काढून इंजिन चालू करायचं आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहायचं. ऑइलची पट्टी ओढायची. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर हेड गास्केट गेलं, किंवा कुठं तडा गेला. या सगळ्याला एकही रुपया लागत नाही, एकही नट सोडावा लागत नाही.

इंजिन एकसारखं चालत नसेल, अडखळत असेल, तर कुठला सिलेंडर काम करत नाही हे शोधायची एक जुनी रीत आहे. इंजिन मंद चालू ठेवून नोजलकडे जाणाऱ्या नळीचा नट चिंधी धरून किंचित सैल करायचा. त्या सिलेंडरचं डिझेल तुटतं. आवाज पडला तर तो सिलेंडर कामाचा होता. नट सैल करूनही आवाज तसाच राहिला, तर दोषी तोच. एकेक नट सोडत, कसत पुढं जायचं. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून उस्ताद ऐकतो, तेव्हा टॅपेटची हलकी टिकटिक, बेअरिंगचा खोल ठोका आणि नोजलचा कोरडा खडखडाट त्याला वेगवेगळे ऐकू येतात. नवख्याला तो सगळा एकच गोंगाट असतो.

एका मृगात आमचा ट्रॅक्टर असाच त्रास द्यायला लागला. रस्त्यानं रिकामा उत्तम चालायचा. पेरणीयंत्र टाकून चढाच्या बाजूनं तास काढला, की थोड्या वेळानं आवाज खाली जायचा, पुन्हा वर यायचा, पुन्हा खाली, आणि बंद. काही वेळ थांबून हातानं फीड पंप मारला की लगेच चालू. मग पुन्हा तेच. बांधावर सल्ले जमले. कुणी म्हणालं पंप गेला, उतरवून पाठवा. कुणी म्हणालं रिंगा गेल्या, आता ओढ राहिली नाही. शहरातल्या एका गॅरेजानं फोनवरच सांगितलं, हाफ इंजिन करावं लागेल, लाइनर-पिस्टन बदलावे लागतील, गाडी घेऊन या. आमचे अप्पा गप्प होते. आभाळ उतरत होतं आणि अर्धं रान पेरायचं राहिलं होतं.

उस्ताद दुपारी आले. गाडीला हात न लावता बांधावर बसले, पाणी प्याले आणि विचारायला लागले. अप्पा म्हणाले, "उस्ताद, आधी खोलून तरी बघा, पाऊस येऊलालाय."

"जल्दी नक्को करो मालक," ते म्हणाले. "खोलता तो कोई भी है. पहले पूछने दो."

बंद पडल्यावर एका हाकेत चालू होते का? होते. मग रिंगांवरचा संशय त्यांनी तिथंच सोडून दिला. ज्या इंजिनात दाब राहत नाही ते असं हाक मारताच उठत नाही. इंजिन चालू करून ब्रीदरवर तळवा धरला, फुंकर नव्हती. चालू झाल्यावर सुरुवातीला थोडा वेळ ओढ पुरी असते का? असते. मग पंप जिवंत आहे. रिकामं चालताना काही होत नाही, जोर पडला की होतं. म्हणजे जेवढं डिझेल लागतं तेवढं पुढं पोचत नाही. आवाज खाली-वर होत बंद पडतो, एकदम तुटत नाही, म्हणजे डिझेलबरोबर हवा येते. इतकं ठरेपर्यंत उस्ताद बांधावरच बसलेले होते.

मग ते उठले आणि टाकीपासून नळीवर बोट ठेवून हळूहळू पुढं सरकले. फीड पंपाकडे येणाऱ्या जोडापाशी थांबले. त्या बोल्टभोवती काळसर ओलं वर्तुळ होतं. इंजिनावर सगळीकडे धूळ असतेच, पण डिझेल पाझरतं तिथं ती चिकटून काळी पडते. टाकीखालची काचेची वाटी काढली, तर आतली जाळी बुळबुळीत गाळानं अर्धी बुजलेली. सगळं इंजिन या दोन ठिकाणी अडलं होतं. जाळी बुजली, म्हणून पंप जोर लावून ओढू लागला. ओढ वाढली, तसा जोडावरचा झिजलेला तांब्याचा वॉशर हवा आत घेऊ लागला. गाडी उभी असताना तिथूनच डिझेलचा थेंब पाझरायचा, पण तासात मात्र बाहेर काही यायचं नाही, हवा आत जायची. म्हणून कुणाला गळती दिसत नव्हती. फीड पंपाच्या पुढं जोड सैल असला तर डिझेल ठिबकतं आणि डोळ्याला दिसतं. मागं सैल असला तर हवा शिरते आणि दिसत नाही. ही एक गोष्ट ठाऊक असती, तर बांधावरचे निम्मे सल्ले दिलेच गेले नसते.

नवा वॉशर आणायला तालुक्याला जायला हवं होतं. उस्तादांनी बांधाकडेच्या तुराट्या पेटवल्या. पक्कडीत वॉशर धरून जाळातल्या निखाऱ्यावर लाल होऊ दिला आणि पाण्यात सोडला. तांबं दाबून दाबून कडक होतं. लाल करून थंड केलं की पुन्हा मऊ पडतं आणि जोडात घट्ट बसतं. पोलादाला असं तापवून पाण्यात टाकलं तर ते उलट कडक होतं, हे आमच्या लोहारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. दोन धातूंचे हे दोन स्वभाव उस्तादांना पुस्तकातून कळले नव्हते. त्यांनी वॉशर पॉलिश पेपरवर घासून सपाट केला, जाळी डिझेलनं धुतली, वाटी बसवली आणि एअर काढायला घेतली.

एअर काढणं ही माझी आवडती क्रिया आहे. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करायचा आणि हातानं फीड पंप मारत राहायचं. आधी फेस येतो, थुंकत थुंकत येतो. मग बुडबुडे कमी होतात आणि डिझेलची अखंड धार लागते. धार लागली की स्क्रू कसायचा. मग पंपावरचा स्क्रू, तीच रीत. शेवटी नोजलकडच्या नळ्यांचे नट सैल करून इंजिन फिरवायचं, प्रत्येक नळीच्या तोंडाशी डिझेल आलं की नट आवळायचे. क्रम चुकवून चालत नाही. हवा ज्या वाटेनं शिरली त्याच वाटेनं तिला पुढं ढकलत बाहेर काढावी लागते. इथं एक धोका सांगून ठेवतो. नोजल बाहेर काढून तिचा फवारा तपासताना हात समोर धरू नये. तो फवारा कातडीतून थेट आत घुसतो, आणि जखम बाहेरून लहान दिसली तरी आत हात नासतो. तशी इजा झालीच तर वेळ न घालवता मोठा दवाखाना गाठावा.

एवढीशी हवा इंजिनाला का थांबवते? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना आतली हवा सोळा-सतराव्या हिश्श्यात दाबली जाते, दाबून दाबून पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडताच पेटतो. रुडॉल्फ डिझेलनं 1897 साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गला हे इंजिन चालवून दाखवलं. 1900च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. आमच्या करडी-भुईमुगाच्या रानांत ही गोष्ट मी सांगतो, तेव्हा ऐकणारे पुढं सरकून बसतात. फवारा पडायचा तर नोजल उघडली पाहिजे, आणि जुन्या ट्रॅक्टरांची नोजल साधारण पावणेदोनशे किलोच्या दाबाला उघडते. द्रव दाबला जात नाही, म्हणून पंपाचा धक्का नळीतून जसाच्या तसा नोजलपर्यंत पोचतो. नळीत हवा असली तर ती दबते, धक्का तिथंच विरतो आणि नोजल उघडत नाही. सिलेंडरमध्ये हवा दबली म्हणून इंजिन चालतं, आणि नळीत हवा दबली म्हणून ते बंद पडतं.

हा पंप बनवणं फार अवघड होतं. डिझेलचं इंजिन चालल्यावर तीस वर्षांनी, 1927 साली, रॉबर्ट बॉशच्या कारखान्यानं तो मोठ्या संख्येनं बनवायला घेतला. त्यानंतर हे इंजिन लहान होऊन मोटारीत आणि शेतात मोठ्या प्रमाणावर शिरू शकलं. आपल्याकडे असे पंप बनवणारी मायको कंपनी 1951 साली बंगळूरला सुरू झाली. पुढं तिच्या नोजल नाशिकच्या सातपूरला बनू लागल्या. पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात काही मायक्रॉनचीच फट असते, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. धुळीचा कण किंवा पाण्याचा थेंब तिथं ओरखडा पाडतो. म्हणून आमच्याकडचे जुने ड्रायव्हर डिझेल गाळून ओततात, आणि टाकी रात्रभर रिकामी ठेवण्यापेक्षा संध्याकाळीच भरतात, म्हणजे आतल्या मोकळ्या जागेत दव धरत नाही. असल्या सवयींनी पंपाचं आयुष्य वर्षांनी वाढतं.

त्या दिवशी संध्याकाळच्या आत रान पेरून झालं. आणि मग एक प्रश्न उरला, त्याच्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे. उस्तादांना द्यायचं काय?

वॉशर जुनाच होता. जाळी धुतली होती. सुट्या भागांचा खर्च शून्य. मजुरी म्हणावी तर पाऊण तासाची. शेजारून कुणीतरी म्हणालंच, "केलं काय त्यांनी? वॉशर तर भाजला." अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं आणि उस्तादांच्या हातावर हाफ इंजिनच्या मजुरीइतके पैसे ठेवले. उस्ताद घेईनात. अप्पा म्हणाले, "चाललेलं इंजिन तुम्ही उघडू दिलं नाही, त्याचे हे." मला तो व्यवहार त्या वयात पुरता कळला नव्हता. आता कळतो.

आपण बिलात दोन रकाने ठेवले आहेत, सामानाचा आणि मजुरीचा. निदानाला रकाना नाही. त्यामुळे जो उस्ताद विचारून, ऐकून, बोट फिरवून दोष एका वॉशरपाशी आणून ठेवतो, तो शंभर-दोनशे रुपये घेऊन घरी जातो. आणि जो सरसकट हेड उतरवतो, लाइनर-पिस्टन बदलतो, त्याची हजारांची कमाई होते. बरोबर निदान करणाऱ्याला आपण प्रत्येक वेळी कमी पैसे देतो. मग पुढच्या पिढीनं कान का तयार करावेत? पाने चालवायला शिकणं पुरेसं आहे, असंच त्या पोराला वाटणार. विनाकारण उघडलेलं इंजिन पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. आणि तरीही तो उघडण्याचेच पैसे देतो.

कधीकधी उघडावंच लागतं. ब्रीदर धूर ओकतो, ऑइल दर आठवड्याला ओतावं लागतं, खालून ठोका ऐकू येतो. तेव्हा लाइनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलल्याशिवाय गत्यंतर नसतं, आणि ते काम नीट करणारा उस्तादही थोर असतो. तो क्रँक मोजून घेतो, टॅपेटमध्ये पान घालून फट बघतो, प्रत्येक बोल्ट सांगितल्या क्रमानं आणि सांगितल्या जोरानं आवळतो. पण उघडायची वेळ आली आहे की नाही, हे ठरवणं हे त्याही आधीचं आणि त्याहून मोठं काम आहे.

जुन्या गावगाड्यात याची एक सोय होती. सुतार आणि लोहार यांना बलुतं मिळायचं. सुगीत खळ्यावर त्यांचा धान्याचा वाटा ठरलेला असायचा. वर्षात तिफण किती वेळा मोडली, फाळ किती वेळा शेवटला यावर तो मोजला जात नसे. औत चालू राहणं हेच त्यांचं काम होतं. त्यामुळे औत कमी मोडावं यात शेतकऱ्याचंही हित होतं आणि सुताराचंही. बलुतेदारीत जातीची बेडी होती, मानहानी होती. ती तुटली हे चांगलंच झालं, तिच्याबद्दल हळहळ नको. पण ती तुटताना, चालू ठेवण्याची मजुरी हा विचारही तिच्याबरोबर गेला. ट्रॅक्टर आला तो रोखीच्या आणि सुट्या भागांच्या हिशेबात आला.

हा मुलूख बसवेश्वरांचा आहे. बसवकल्याण आमच्यापासून दूर नाही. बाराव्या शतकात तिथल्या शरणांनी कायकाला, म्हणजे हातच्या कष्टाला, पूजेची जागा दिली. मेदार केतय्या बांबूचं काम करत, अंबिगर चौडय्या नाव चालवत, नुलिय चंदय्या दोर वळत. चंदय्यांचं इष्टलिंग गवत कापताना गळून पडलं, तरी त्यांनी हातचं काम सोडलं नाही, अशी कथा सांगतात. आमच्या बीदरचे बिदरी कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्याला काळा रंग चढवण्यासाठी किल्ल्यातली माती वापरतात, आणि ती माती योग्य आहे का हे जिभेवर ठेवून ओळखतात. उस्ताद ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळून त्यातली धातूची कच ओळखतो. या सगळ्यांचं ज्ञान शरीरात मुरलेलं आहे आणि ते एका माणसाजवळ बसून दुसऱ्यानं घ्यावं लागतं. एका कारागिराचं आपण कौतुक करतो, त्याला प्रदर्शनात बोलावतो. दुसऱ्याला आपण मजूर समजतो.

काळही पालटतो आहे. 2023च्या जानेवारीपासून 50 अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांत संगणकाच्या हुकमानं चालणारी डिझेलची व्यवस्था आली. हवा स्वच्छ राहावी म्हणून हे व्हायलाच हवं. दोष काय आहे तो तिथं यंत्र जोडून पडद्यावर वाचता येतो. तरीही पडदा सांगतो ते दाब कमी पडल्याचं. जाळी बुजली, वॉशर झिजला की नळी चिरली, हे शोधायला विचारणारा, बोट फिरवणारा माणूस लागतोच. लहान ट्रॅक्टर तर अजून जुन्याच रीतीचे आहेत, आणि आमच्यासारख्या थोड्या जमिनीच्या शेतकऱ्यांचा आधार तेच आहेत. आयटीआयत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. मध्य प्रदेशातल्या बुदनीला 1955पासून आणि आंध्रातल्या गार्लदिन्नेला केंद्र सरकारच्या शेतीयंत्र प्रशिक्षण संस्था आहेत. तिथं जाऊन आलेल्या मुलानं गावच्या लिंबाखाली पुन्हा काही वर्षं बसलं पाहिजे. दोन्ही शिक्षणं मिळून खरा उस्ताद घडतो.

म्हणून माझं मागणं साधं आहे. इंजिन बिघडलं की आधी स्वतः पाहा: धूर, ऑइलची पट्टी, रेडिएटर, एअर क्लीनर, डिझेलची जाळी, नळीवरचे काळे ओले डाग. उस्ताद आला की त्याला प्रश्न विचारू द्या आणि खरी उत्तरं द्या. बिलात निदानाचा रकाना घाला, आणि दोष लहान निघाला तर त्या रकान्यातले पैसे वाढवा, कमी करू नका. पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून सुगीला एका उस्तादाला वर्षाची रक्कम ठरवून द्यावी: गाड्या चालू ठेवायच्या, कमीत कमी उघडायच्या. आणि जो म्हातारा बांधावर बसून दूरच्या ट्रॅक्टरची नोजल ओळखतो, त्याच्याजवळ या मृगात घरातलं एक पोर बसवा आणि तो जे सांगेल ते मराठीत, कन्नडात, जमेल त्या लिपीत लिहून ठेवा.

चालू राहिलेल्या इंजिनाची मजुरी दिली, तरच इंजिनं चालू राहतील.